चाबूकस्वार

मागच्या खेपेला आपण शेळीच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज घोडीबद्दल बोलायचंय. हसू नका. आमच्या एका गटात वहिनींनी घोडी घ्यायला कर्ज मागितलं तेव्हा बैठकीतल्या बायकाही अशाच हसल्या होत्या. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं, आता हप्त्यामागून घोडं बघायचं," असं एकीनं म्हटलंसुद्धा.

पण वहिनींचा हिशेब चुकीचा नव्हता. त्यांच्या सासऱ्यांचा पूर्वी टांगा होता, दावणीची जागा होती, घरात जनावराची सवय होती. कवठे महांकाळपासून मिरज-जतपर्यंत लग्नसराईत वरातीच्या घोडीला मागणी असते. गटानं कर्ज मंजूर केलं. दिवाळीनंतर अकलूजच्या बाजारातून चार वर्षांची पांढरी घोडी आली. दिसायला गरीब, पण बँड ऐकलेला नाही, पाठीवर माणूस फारसा बसलेला नाही. मग कुणीतरी एक माणूस सुचवला. "महिन्यात तयार करून देतो," म्हणाला. त्यानं घोडीच्या तोंडात काटेरी सळईचा लगाम घातला, चार दिवस उपाशी बांधली आणि चाबूक काढला. तीन आठवड्यांत घोडी अशी झाली की कुणी केसावरून हात फिरवायला हात वर केला तरी ती दोन पायांवर उभी राही. वहिनींच्या थोरल्या मुलाच्या गुडघ्यावर लाथ बसली. तो माणूस पैसे घेऊन गेला, फोन उचलेना. हप्ता मात्र दर महिन्याला उभा.

समन्वयक म्हणून त्या कर्जाच्या कागदावर माझीही सही होती. रात्री झोप लागेना. बी.ए.ला माझा इतिहास होता. मनात आलं, तीनशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख घोड्याच्या पाठीवर होता. एवढी हजारो घोडी ही माणसं तयार कशी करत होती? सगळ्यांनाच मारून? म्हणून जुनी पुस्तकं काढली. त्यातलं जे सापडलं ते आज सांगते.

पहिलं म्हणजे एक शब्द. घोडा शिकवणाऱ्याला आपल्या भाषेत चाबूकस्वार म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनावही आहे, तुमच्या ओळखीत कुणीतरी असेलच. मला वाटायचं, चाबूक घेऊन बसतो तो चाबूकस्वार. पण शब्द फारसीतून आलाय आणि तिकडं 'चाबुक' म्हणजे चपळ, हाताचा हलका, तरबेज. चाबूकस्वार म्हणजे तरबेज स्वार. हातातल्या कोरड्यालाही पुढं तेच नाव पडलं, आणि आपण शब्दाचा अर्थ कोरड्यावरून लावायला लागलो. आमच्या घोडीकडं आलेल्या माणसानंही तोच लावला होता.

असे किती शब्द घोड्यानं आपल्या तोंडात ठेवलेत बघा. खोगीरभरती, अडेलतट्टू, तोबरा भरणं, लगाम घालणं, चौखूर उधळणं. गनिमी काव्यातला 'कावा'सुद्धा पागेतला आहे. घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवून शिकवतात त्याला कावा देणं म्हणत. फिरवत फिरवत दमवायचं, वळायला शिकवायचं. शत्रूला तसं फिरवलं की तो गनिमी कावा. पागनीस आडनाव आलं ते पागेचा हिशेब लिहिणाऱ्यावरून. आणि नालबंद तर मिरज-सांगलीकडं आजही आहेत.

आता पागेबद्दल. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचं घोडं आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडं सरकारातून मिळायचं. सरकारी घोड्यांच्या दलाला पागा म्हणत. सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या मागं १६९० च्या दशकात जिंजीला लिहिलेल्या बखरीत, या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, असं वर सरनोबतापर्यंत. आणि एक गोष्ट मी दोनदा वाचली: पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी पाणी आणणारा, नालबंद खुरांचा माणूस. म्हणजे लढणाऱ्या माणसांच्या यादीतच पाणी आणि खूर धरलेले होते. पावसाळ्यात फौज मुलखात परत यायची, तिच्यासाठी दाणा, गवत, औषधं आधी भरून ठेवलेली असायची, घोड्यांना शाकारलेले गोठे असायचे. दसरा झाला की पुन्हा बाहेर.

हे सगळं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते महाराजांच्या एका पत्रात दिसतं. राज्याभिषेकाच्या आगेमागे, १६७० च्या दशकात, चिपळूणजवळ पागेची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं हे पत्र आहे. खूप लोक त्यातला रयतेला त्रास न देण्याचा भाग सांगतात, भाषणांत हमखास येतो. मला त्यातला घोड्यांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटला. महाराज सांगतात त्याचा मतलब असा: पावसाळाभर पुरेल एवढा दाणा-गवत मोठ्या मुश्किलीनं गोळा करून दिलंय. आता आहे म्हणून वाटेल तसं उडवलंत तर ऐन पावसाळ्यात संपेल, घोडी उपाशी मरायला लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कुणाचं धान्य, कुणाची भाकरी, कुणाचं गवत, कुणाची लाकडं आणाल. गरीब कुणबी आहे त्या जागी कसाबसा टिकलाय, तोही उठून जाईल, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील.

म्हणजे घोड्याचा चारा चुकला की गाव उठतं. ही साखळी एका राजानं पत्रात मांडली, आणि ती आपल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या बाईला एका वाक्यात कळते. पुढं त्याच पत्रात आगीची भीती आहे. कुणी गवताजवळ चूल मांडेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच ठेवाल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. गंजी पेटली की मग कुणबी मारून गवत मिळणार नाही, असा त्याचा भाव आहे. राज्याचा धनी उंदराचा आणि वातीचा विचार करतोय. आपल्या कडब्याच्या गंजीला हेच लागू आहे, फक्त चिलमीच्या जागी बिडी आणि मोटारीची उघडी वायर.

शिलेदाराची गत वेगळी. त्याचं घोडं म्हणजे त्याचं सगळं भांडवल. घोडं मेलं की तो स्वार राहत नाही, साधा पायी माणूस होतो. म्हणून मोहिमेच्या आधी त्याला घोड्याच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम द्यायची पद्धत होती, तिला नालबंदी म्हणत. नाल ठोकायचे पैसे, असा मूळ अर्थ. मला वाचताना आपलं खेळतं भांडवलच आठवलं. जनावराच्या किमतीला कर्ज द्यायचं आणि त्याच्या खुराला, दाण्याला, शिकवण्याला काहीच धरायचं नाही, ही चूक आमच्या गटानं केली होती. वहिनींच्या कर्जात घोडीची किंमत होती, वाहतूक होती, झूलसुद्धा होती. शिकवणाऱ्याचे पैसे नव्हते. म्हणून त्यांनी सगळ्यात स्वस्त माणूस गाठला.

आता तुम्ही म्हणाल, यात बायका कुठं आहेत? बखरीत महाराजांच्या फौजेत बायका नेऊ नयेत अशी ताकीद आहे, ते खरंच आहे. पण घोड्यावरच्या बायका आपल्या भागाला नव्या नव्हत्या. कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची, म्हणजे सरनोबताची लेक ताराबाई. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर तिनं राज्य हातात घेतलं आणि औरंगजेब १७०७ ला मरेपर्यंत त्याला दम घेऊ दिला नाही. सरनोबताच्या घरात वाढलेली मुलगी ती, घोड्याची चाल तिला कुणी वेगळी शिकवावी लागली नसेल.

त्याहून मजेची गोष्ट कागलच्या बायजाबाईंची. सर्जेराव घाटग्यांची ही मुलगी, दौलतराव शिंद्यांना दिली, ग्वाल्हेरला गेली आणि दौलतराव गेल्यावर १८२७ पासून काही वर्षं तिनं तिथला कारभार पाहिला. पुढं तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. १८३५ साली ती फतेहगडला मुक्कामाला असताना फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिच्या भेटीला आली. या बाईनं आपल्या प्रवासाचं पुस्तक लिहिलंय, ते १८५० ला निघालं. त्या काळी इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायच्या, बायकांनी पाय फाकून बसणं असभ्य म्हणून. बायजाबाईंच्या गोटातल्या बायका मात्र पुरुषांसारख्याच दोन्हीकडं पाय टाकून बसायच्या. त्यांना ते एका बाजूचं इंग्रजी खोगीर बघून आश्चर्य वाटलं, असं बसून माणूस पडत कसं नाही! मग त्यांनी फॅनीला मराठी वेष चढवला आणि आपल्या पद्धतीनं घोड्यावर बसवलं. तिला ते इतकं आवडलं की आपल्याकडं बायकांचं बसणं ज्यांनी बदललं त्यांनाच तिनं नावं ठेवली. कागलची लेक गोऱ्या मडमेला घोड्यावर बसायला शिकवते, हे शाळेच्या पुस्तकात का नाही कोण जाणे.

आणि झाशीच्या लक्ष्मीबाई. तलवार आणि पाठीवरचं मूल सगळ्यांना माहीत आहे. पण वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीत होते, त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात (ते छापलं गेलं १९०७ साली) बाईंच्या अश्वपरीक्षेचं कौतुक आहे. त्या काळी हिंदुस्थानात घोडं पारखणारी जी दोन-तीन माणसं नावाजलेली होती, त्यांत बाई एक. एकदा दोन सारखेच दिसणारे उमदे घोडे विकायला आले. बाईंनी दोन्हींवर बसून फेरी मारली. एकाची किंमत भरपूर सांगितली आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, कारण त्याच्या छातीला आतून मार बसलेला होता. वरून दिसत नव्हता, चालीत दिसला. बाजारात रंग आणि उंची बघून बोली लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आम्हीही रंगच बघितला होता.

आपल्या मुलखाचं मूळ घोडं म्हणजे भीमथडी, भीमेच्या काठचं. बुटकं, काटक, कमी चाऱ्यावर टिकणारं, डोंगर चढणारं. अरबी घोड्यांपुढं दिसायला काहीच नाही, पण मराठी फौजा त्याच्यावर फिरल्या. मध्यंतरी त्याला लोक नुसतं तट्टू म्हणून हिणवायचे. आता अगदी अलीकडं कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. आणि ही जात इतकी वर्षं सांभाळली कुणी? सरदारांनी नाही. धनगरांनी. मेंढरांच्या मागं चाऱ्यासाठी फिरताना बिऱ्हाड वाहायला त्यांना तट्टू लागतं. आपल्या तालुक्यात आरेवाडीला बिरोबाच्या बनात यात्रेला जाता ना, तिथं बघा. मेंढरं पुरुषांकडं असतात, पण मुक्काम हलवताना घोड्यावर घोंगड्या, वाघर, भांडी, कोंबड्या आणि वर लेकरू लादून त्याला हाकत नेणारी बाईच असते.

हे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही घोड्याचा जाणकार मिरज-अकलूजपर्यंत शोधत होतो आणि वहिनींच्या शेतात मेंढरं बसवलेल्या वाड्यात एक आजी होत्या, जन्मभर तट्टं हाकलेल्या. त्यांना हात जोडून घोडी दाखवली.

आजींनी आल्या आल्या तो काटेरी लगाम काढायला लावला. (१९६५ च्या सरकारी नियमांप्रमाणे ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावराला असा काट्यांचा लगाम घालायला बंदीच आहे, हे मला नंतर कळलं.) मग त्या घोडीच्या पुढूनही गेल्या नाहीत आणि मागूनही नाहीत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. तिथून माणूस अचानक आला की ते घाबरतं आणि घाबरलं की लाथ. आजी डाव्या बाजूनं, तिरक्या, बोलत बोलत खांद्याशी गेल्या. हात वर नेलाच नाही. जवळ उभ्या राहिल्या आणि अर्धा तास काहीच केलं नाही. तंबाखू चोळली. घोडीचे कान आधी मागं चिकटलेले होते, ते हळूहळू सैल झाले. मग मान जिथं पाठीला मिळते तिथं त्यांनी खाजवलं. कपाळावर थापटलं नाही. "पोरी, घोडी एकमेकींना हितंच खाजवत्यात," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोरी. आजी दोरी अगदी थोडी ताणायच्या, आणि घोडीनं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी ढिली. ओढून न्यायचं नाही. ताण आला की पाऊल टाकायचं, टाकलं की ताण जातो, एवढंच तिला कळायला हवं. पाऊल टाकल्यावरही ओढतच राहिलं तर जनावराला वाटतं, आपण काहीही केलं तरी हे थांबत नाही, आणि मग अडेलतट्टू जन्माला येतं. त्या आधीच्या माणसानं तेच केलं होतं. रागानं केलेलं काम घोड्याच्या लक्षात राहतं आणि आपल्याला नंतर पस्तावायला लावतं, असं झेनोफोन नावाच्या एका ग्रीक सेनानीनं येशू ख्रिस्ताच्या आधी साडेतीनशेच्या वर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आजींनी झेनोफोन वाचलेला नाही.

दाण्याबद्दलही आजी रागावल्या. वहिनी घोडीला ताकद यावी म्हणून दिवसातून एकदा मोठं घमेलं भरून भरडा घालत होत्या. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही, एकदा जे गेलं ते पुढंच जावं लागतं. म्हणून एकदम भरपूर दाणा घातला की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडं मरूही शकतं. मुख्य खाणं गवत, तेही बुरशी न लागलेलं, दिवसभर थोडं थोडं. दाणा कमी आणि दोन-तीन वेळा विभागून. जुन्या काळी हुलगा भिजवून किंवा शिजवून द्यायचे. इंग्रजीत हुलग्याचं नावच घोड्याचा हरभरा असं आहे. आपण माडगं करून पितो तोच हुलगा. आणि खूर रोज कोरून काढायचे, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यायचे. जखम झाली तर धनुर्वाताची लस आधी. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यात हयगय नको. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकाला फोन करा, हळद भरून वाट बघत बसू नका.

आजींचा वाडा दहा दिवसांनी हलला. पाठीवर माणूस बसवणं आणि बँडची सवय ही कामं त्यांची नव्हती, तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग आम्ही पुन्हा चाबूकस्वार शोधला, या वेळी गटातल्या तिघीजणी मिळून. कुणाचं नाव सुचवलं की आम्ही त्याच्याकडं आधी जात नव्हतो, त्यानं वर्षभरापूर्वी तयार केलेलं घोडं ज्याच्या दारात आहे तिथं जायचो. घोड्याच्या तोंडाचे कोपरे फाटलेत का, मालकानं हात वर केल्यावर ते दचकतं का, घरातली बाई त्याला पाणी पाजू शकते का, एवढं बघायचो. मगच माणूस. एकानं विचारायच्या आतच "पंधरा दिवसांत नाचवून दाखवतो" म्हटलं, आम्ही चहा पिऊन उठलो. ज्याला शेवटी काम दिलं त्यानं आम्हालाच प्रश्न विचारले. काय खाते, कुठं बांधता, आधी कुणी मारलंय का, लाथ कधी मारते. म्हणाला, तीन महिने धरा, आणि वहिनींनी रोज अर्धा तास माझ्याबरोबर उभं राहायचं, कारण घोडी माझ्या घरी राहणार नाही.

पूर्वीच्या लोकांनाही ही घाई नव्हती. तुर्कस्तानात मातीच्या विटांवर लिहिलेला सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा एक मजकूर सापडला आहे, किक्कुली नावाच्या घोडे शिकवणाऱ्याचा. रोज किती चालवायचं, किती पळवायचं, कधी पाणी, कधी दाणा, असा सहा-सात महिन्यांचा दिनक्रम आहे. त्यात फेऱ्या मोजायला आलेले आकडे आपल्या कानाला ओळखीचे लागतात: ऐक, तेर, पंझ, सत्त. आपल्या एक, तीन, पाच, सातची ती लांबची भावंडं.

त्याच झेनोफोनचा आणखी एक सल्ला मी बैठकीत वाचून दाखवला होता. मुलाला एखाद्या कारागिराकडं शिकायला ठेवताना जसं लिहून घेता, तसं शिंगरू शिकवायला देताना, परत येईल तेव्हा त्याला काय काय यायला हवं ते लिहून घ्या. आपल्याला कागदाची सवय आहेच. गटाच्या रजिस्टरात आम्ही लिहिलं: दोरीवर चालणं, दोन्ही बाजूंनी वळणं, उभं राहणं, चारही पाय उचलू देणं, माणूस चढताना न हलणं, बँड आणि फटाक्यांच्या आवाजात उभं राहणं. काटेरी लगाम नाही, उपाशी ठेवायचं नाही, काम चालू असताना घरच्यांनी कधीही येऊन बघायचं. पैसे तीन हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या शेवटी काय आलं ते बघून. खाली त्याची सही, वहिनींची सही, दोन साक्षीदार. कर्जाचे हप्ते तीन महिने पुढं ढकलायचे की नाही यावर मात्र बैठकीत भांडण झालं, आणि शेवटी ज्या सगळ्यात जास्त हसल्या होत्या त्यांनीच ढकलायच्या बाजूनं हात वर केला.

बँडची सवय त्यानं मोबाइलवर लावली. घोडी गवत खात असताना लांब, बारीक आवाजात 'सनई-चौघडा', रोज थोडं जवळ, थोडं मोठं. तिनं खाणं थांबवलं की तिथंच थांबायचं, पुढं नाही. दुसरा महिना परवा संपला. चारही पाय देते, वहिनींच्या मुलाला पाठीवर घेऊन शेताच्या बांधापर्यंत जाते. फटाक्यांचं अजून बाकी आहे, त्यामुळं तिसरा हप्ता गटाच्या पेटीतच आहे.